सरळ रेघेची वीज

मागच्या महिन्यात आठवीच्या उर्दूच्या तासाला एका मुलाने दप्तरातून मोबाइलचा चार्जर काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. शाळेत असल्या वस्तू आणायला मनाई आहे, पण प्रश्न इतका चांगला होता की रागवायचे राहून गेले. चार्जरवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते: इनपुट १०० ते २४० व्होल्ट, आणि त्यापुढे एक लाटेसारखी खूण. खाली आउटपुट ५ व्होल्ट, आणि त्यापुढे एक सरळ रेघ, रेघेखाली तीन तुटक रेघा. "सर, तुम्ही भाषा शिकवता ना? मग ह्या दोन खुणा वाचून दाखवा."

मी बी.एड. केलेला भाषेचा शिक्षक. विज्ञान माझा विषय नाही. तरी शब्द सांगता आले. लाटेची खूण म्हणजे एसी आणि सरळ रेघ म्हणजे डीसी. उर्दूच्या पुस्तकात डीसीला 'रास्त रौ' म्हणतात, रास्त म्हणजे सरळ आणि रौ म्हणजे प्रवाह. एसी ती 'मुतबादिल रौ', अदलाबदल करणारी. मराठीच्या पुस्तकात डीसी म्हणजे 'दिष्ट विद्युतधारा', दिशा दिलेली, आणि एसी म्हणजे 'प्रत्यावर्ती', परत परत उलटणारी. (संस्कृतात 'दिष्ट' म्हणजे नशीब असाही अर्थ आहे. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हा अर्थ मला सारखा आठवत होता.) मुलाचे समाधान झाले, माझे झाले नाही. एका बोटभर डबीत एका जातीची वीज शिरते आणि दुसऱ्या जातीची होऊन बाहेर पडते, हे आपल्या घराघरात रोज चालते, आणि त्यामागचा इतिहास थेट आमच्या किनाऱ्यावरून जातो.

आधी साधी गोष्ट. विजेरीत सेल घातला की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वीज एकाच दिशेने वाहते, सेल संपेपर्यंत. ती डीसी. भिंतीतल्या प्लगमधली वीज मात्र सेकंदाला पन्नास वेळा पुढे आणि पन्नास वेळा मागे जाते. ती एसी. डीसी म्हणजे नदी, एसी म्हणजे भरती-ओहोटी. खाडीकाठच्या माणसाला याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही.

माणसाच्या हातात आधी आली ती नदीच. १८०० साली इटलीतल्या अलेस्सांद्रो व्होल्टाने जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले, आणि वर-खाली तारा जोडल्यावर त्यातून सलग वीज वाहू लागली. पहिली बॅटरी ती हीच. उरण-पेणच्या मिठागरांजवळ राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, त्यातला तिसरा जिन्नस आपल्याकडचा आहे. व्होल्टाने आपल्या चळतीची तुलना एका माशाशी केली होती. पाकटासारखा चपटा, अंगाला हात लावला की झटका देणारा मासा. अशा जाती आपल्या अरबी समुद्रातही आहेत.

या माशांच्या कुळातली एक कहाणी अरबीत आहे. अब्दुल लतीफ बगदादी हे बाराव्या-तेराव्या शतकातले वैद्य आणि प्रवासी. त्यांनी मिसरवर लिहिलेल्या पुस्तकात नाईल नदीतल्या 'रअ्आद' नावाच्या माशाचे वर्णन केले आहे: तो जिवंत असताना हात लावला तर माणूस थरथरतो, अंग बधिर होते. रअ्आद म्हणजे थरथरवणारा. मेघगर्जनेला अरबीत 'रअद' म्हणतात, धातू एकच. त्यावरून काहीजण म्हणतात की अरबांना मासा आणि आकाशातली वीज यांचे नाते कळले होते. मला ते पटत नाही. वर्णन अचूक आहे, त्याचे श्रेय पूर्ण द्यावे, पण शब्दाच्या मुळातून शोध काढू नये.

आणि विषय निघालाच आहे तर आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर वर्षातून दोनदा फिरणाऱ्या 'बगदाद बॅटरी'बद्दलही सांगून टाकतो. १९३६ साली बगदादजवळ मातीचा एक घट सापडला, आत तांब्याची नळी आणि लोखंडाची सळई. ती बॅटरी असावी असा तर्क एका जर्मन संशोधकाने केला. पण सोबत ना तार सापडली ना ती वापरल्याची काही खूण, आणि घट इस्लामपूर्व काळातला मानला जातो. आपला अभिमान आपल्या नसलेल्या घटात भरून ठेवायची गरज नाही. बगदादी साहेबांचा मासा पुरेसा आहे.

आता मोठी उडी. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कमध्ये एडिसनने वीजघर सुरू केले आणि आसपासच्या घरांत, कचेऱ्यांत दिवे लागले. ती वीज डीसी होती, सुमारे ११० व्होल्टची. अडचण एकच: ती मैलभराच्या पलीकडे जाईना. तारेतून जितका जास्त प्रवाह, तितकी तार तापते आणि वीज वाटेतच उष्णता होऊन संपते. उपाय असा की व्होल्ट वाढवावेत. तेवढीच वीज दहापट व्होल्टने पाठवली तर प्रवाह एक दशांश होतो आणि वाटेतली नासाडी शंभराव्या हिश्शावर येते. पण घरातल्या दिव्याला हजारो व्होल्ट देता येत नाहीत, म्हणजे तिथे पोहोचल्यावर ते उतरवायला हवेत. हे चढवणे-उतरवणे करणारा ट्रान्सफॉर्मर फक्त उलटसुलट होणाऱ्या विजेवरच चालतो. डीसीचे व्होल्ट बदलायची स्वस्त युक्ती त्या काळी कुणाकडे नव्हती. एडिसन हरला आणि वेस्टिंगहाउस-टेस्लांची एसी जिंकली. हा वाद 'प्रवाहांचे युद्ध' म्हणून पुस्तकांत रंगवून सांगतात. मला मात्र त्याचा परिणाम आमच्या अंगणात कसा झाला हे सांगायचे आहे.

वीज लांब जाऊ लागली म्हणजे काय झाले? ती जिथे तयार होते तिथे वापरायची गरज उरली नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस प्रचंड, आणि घाट संपताच खाली कोकण. टाटांनी ही उंची हेरली. माथ्यावर धरणे बांधायची, पाणी नळांतून खाली सोडायचे, पायथ्याशी चक्रे फिरवायची आणि वीज मुंबईला न्यायची. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली, भिऱ्याचे १९२७ साली. तिन्ही आजच्या रायगड जिल्ह्यात आहेत. मुंबईच्या गिरण्यांची धुरकट वाफेची इंजिने या विजेने बंद पडली. शहराचे दिवे, पुढे रेल्वे, सगळे तिच्यावर चालू लागले.

भिऱ्याचे पाणी मुळशीचे. त्या धरणात मावळातली कित्येक गावे आणि भाताची खाचरे गेली. १९२१ ते १९२४ या काळात शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे नेते होते, आणि तो हरला. मावळच्या बाजूने ही कहाणी बऱ्याच लोकांनी लिहिली आहे. घाटाखालच्या बाजूने फारशी कुणी लिहिली नाही, म्हणून ती इथे लिहितो.

सुमारे पाचशे मीटर खाली कोसळून चक्रे फिरवल्यावर ते पाणी कुंडलिका नदीत सुटते. कोलाड, रोहा करत रेवदंड्याला समुद्राला मिळते. आज कोलाडला लोक रबरी होड्यांतून मौज करायला जातात ती भिऱ्याने सकाळी सोडलेल्या पाण्यावर. म्हणजे मुळशीचे पाणी आमच्या किनाऱ्यावर येत होते, रोज येत होते. वीज मात्र पाण्याबरोबर आली नाही. ती डोंगरांवरून, लोखंडी मनोऱ्यांवरून, लाखाच्या आसपास व्होल्टने मुंबईला गेली. मनोऱ्याच्या सावलीतल्या घराला तिचा उपयोग शून्य. ती उतरवायला उपकेंद्र लागते, उपकेंद्र बांधायला गिऱ्हाईक लागते, आणि कंदिलात घासलेट मोजून घालणारे घर हे गिऱ्हाईक नव्हते.

माझे आजोबा त्याच काळातले. मुरूड तालुक्यातल्या आमच्या गावातून तरुणपणी मुंबईच्या गोदीत कामाला गेले. आमच्या कोकणी मुसलमानांच्या निम्म्या घरांची हीच कथा: कुणी गोदीत, कुणी जहाजावर. पावसाळा संपला की आगबोट, मग भाऊचा धक्का, डोक्यावर ट्रंक घेऊन चालत डॉकयार्ड रोड स्टेशन. तिथून हार्बरची लोकल. म्हातारपणी ते सांगायचे, "आगबोट धूर टाकी, गाडी धूर टाकत नसे." त्यांना त्या गाडीचे नवल धूर नसण्याचे होते.

ती गाडी डीसीवर चालत होती. भारतातली पहिली विजेची रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला, हार्बर मार्गावर, १५०० व्होल्ट डीसीवर. वीजघरातून येणारी एसी उपकेंद्रात डीसी करून डोक्यावरच्या तारेत सोडायची, अशी व्यवस्था. एवढा खटाटोप का? कारण त्या काळची डीसी मोटर थांबलेली गाडी जोराने ओढण्यात तरबेज होती, आणि लोकलला दर दोन-तीन मिनिटांनी थांबून पुन्हा निघायचे असते. मुंबईच्या ट्रामही डीसीवरच चालत. म्हणजे लांबच्या वाटेवर हरलेली डीसी शहराच्या पोटात आपली जागा धरून होती.

आजोबा विजेच्या गाडीने कामावर जात होते तेव्हा आमची आजी इथे चिमणीच्या उजेडात भात निवडत होती. कुंडलिकेची खाडी आमच्या घरापासून फार लांब नाही. हे दोन उजेड एकाच घरातले होते, आणि त्यांच्यामध्ये अंतर फक्त समुद्राचे नव्हते. आजीला ह्याबद्दल तक्रार करताना कुणी ऐकले नाही. ज्याची माहितीच नाही त्याची तक्रार कशी करणार?

१९६० साली राज्याचे वीज मंडळ आले, मग हळूहळू खांब आले. माझ्या लहानपणी, ऐंशीच्या दशकात, आमच्या घरात वीज होती, म्हणजे बल्ब होता. संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की बल्बमधली तार लाल धाग्यासारखी दिसायची आणि त्या उजेडात पुस्तक नव्हे, फक्त बल्बच दिसायचा. पावसाळ्यात तोही नाही. त्यामुळे खरा भरवसा डीसीवरच होता, हे आता कळते. तेव्हा आम्ही त्याला 'बॅटरी' म्हणायचो.

बॅटरी म्हणजे विजेरी, तीन सेलची, प्रत्येक सेल दीड व्होल्टचा. रमजानमध्ये तरावीहहून परतताना तीच पुढे. सेल उतरले की कौलावर उन्हात ठेवायचे. गरम झाल्यावर आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते आणि एखादा दिवस आणखी निघतो. अब्बा कुवैतहून टेपरेकॉर्डर घेऊन आले. त्याच्या मागे एक छोटा खटका होता, ११० की २२० व्होल्ट निवडायचा, आणि खाली चार मोठ्या सेलचा कप्पा. कप्प्याचे झाकण आमच्याकडे जास्त झिजले. त्याच कॅसेटमधून अब्बांचा आवाज यायचा. पत्राऐवजी ते कॅसेट भरून पाठवत आणि शेजारच्या चार बायका ऐकायला ओटीवर बसत. सेल संपत आले की अब्बांचा आवाज जाड आणि संथ होई. एकदा आजी घाबरून म्हणाली, "त्याला बरं नाही वाटतं." मी सेल बदलले आणि अब्बा बरे झाले.

मशिदीतला ॲम्प्लिफायर हा त्या काळचा आणखी एक शिक्षक. त्याच्या पाठीवर दोन जोडण्या होत्या, एक प्लगची, दुसरी १२ व्होल्टच्या बॅटरीची. ही मोटारीत असते तीच शिशाची बॅटरी, सहा घरांची, प्रत्येक घर सुमारे दोन व्होल्टचे. फ्रान्सच्या प्लांतेने १८५९ साली ही जात बनवली. सेलपेक्षा तिचा गुण असा की वीज उलटी आत ढकलली की ती पुन्हा भरते. लाल तार लाल टोकाला, काळी काळ्याला. उलटे जोडले तर आतले नाजूक भाग जळू शकतात, कारण सरळ रेघेच्या विजेला पुढचे आणि मागचे टोक असते. मुअज्जिन साहेबांनी मला ते पहिल्यांदा दाखवले तेव्हा मी दहा वर्षांचा असेन. डीसीचा पहिला धडा मला शाळेत नव्हे, हुजऱ्यात मिळाला.

बंदरावरच्या माणसाला मात्र हे सगळे आधीपासून ठाऊक. होडीचे इंजिन सुरू करणारी, दिवे, वायरलेस, जीपीएस, मासे दाखवणारे यंत्र चालवणारी वीज डीसीच असते, कारण समुद्रात प्लग नसतो. आणि होडी शाकारायला वर ओढलेली असेल तर एकदा तिच्या पंख्याजवळ वाकून बघा. तिथे जस्ताचा एक ठोकळा बसवलेला दिसेल. खारे पाणी, जस्त आणि दुसरा धातू एकत्र आले की व्होल्टाची चळत आपोआप तयार होते, बारीक डीसी प्रवाह वाहू लागतो आणि त्यात जस्त झिजत जाते. ते झिजते म्हणून पंखा वाचतो. जस्त संपले की नवे लावायचे. १८०० सालचा प्रयोग आमच्या बंदरात रोज, फुकट आणि न बोलावता चालू असतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. मुरूड-श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा झोपल्या, घरांचे पत्रे उडाले, आणि खांब तर काडीसारखे मोडले. आमच्या गावात वीज परत यायला आठवडे गेले. टाळेबंदीचे दिवस, शाळा मोबाइलवर, मोबाइल बंद. त्या आठवड्यांत जे चालले ते सगळे सरळ रेघेवर चालले. एका शेजाऱ्याने होडीची बॅटरी घरी आणली, दुसऱ्याने मोटरसायकल सुरू ठेवून तिच्यावरून फोन भरून दिले. एका घराच्या उरलेल्या छपरावर सौरपट्टी होती. सौरपट्टी ऊन पडताच डीसीच तयार करते, तिला मनोरा लागत नाही, उपकेंद्र लागत नाही. त्या घरासमोर सकाळी रांग लागायची. प्रत्येकाला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात आखातातल्या मुलांना "आम्ही जिवंत आहोत" एवढे सांगून होत असे. जातपात, मोहल्ला-आळी काही विचारले नाही, फक्त चार्जरची पिन कोणती ते विचारले.

आपल्या जिल्ह्यात याहून मोठे उदाहरण घारापुरीचे. लेण्यांसाठी जगभरातून माणसे येणाऱ्या या बेटावरून रात्री मुंबईचा झगमगाट समोर दिसतो. तिथल्या तीन वस्त्यांना संध्याकाळी काही तास डिझेल जनरेटर मिळे. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. भिऱ्याची वीज मुंबईकडे निघाल्यानंतर ९१ वर्षांनी.

योगायोग म्हणजे हार्बरच्या डीसीचे आयुष्यही तेवढेच, ९१ वर्षे. १५०० व्होल्टला प्रवाह फार लागतो, तारा जाड लागतात, उपकेंद्रे जवळजवळ लागतात. म्हणून मुंबईची उपनगरी रेल्वे टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टच्या एसीवर गेली. हार्बर मार्ग सगळ्यात शेवटी, एप्रिल २०१६ मध्ये. जिथे सुरुवात झाली होती तिथेच शेवट झाला. आजोबा तोवर नव्हते.

पण डीसी संपली म्हणाल तर फसाल. चंद्रपूरजवळच्या औष्णिक केंद्राकडून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर वीज येते ती १९९९ पासून डीसी रूपात, उणे-अधिक पाच लाख व्होल्टवर. एसीची डीसी आणि डीसीची पुन्हा एसी करण्याचे काम आता इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. ज्या लांबच्या वाटेवर एडिसन हरला त्याच वाटेवर त्याची वीज परत आली. आणि घरात पाहा: एलईडी दिवा आतून डीसी, दूरदर्शन संच डीसी, लॅपटॉप डीसी, वीज वाचवणारे नवे पंखेही आतून डीसी. इन्व्हर्टर तर गंमतच करतो. भिंतीतली एसी डीसी करून बॅटरीत भरतो, दिवे गेले की तिची पुन्हा एसी करतो, आणि मग एलईडी तिची पुन्हा डीसी करतो. दर वळणावर थोडी वीज उष्णता होऊन जाते. चार्जर हाताला गरम लागतो तो त्यामुळेच.

त्या मुलाला मी यातले निम्मे सांगितले. तो कोळीवाड्याच्या बाजूच्या घरातला. ऐकून घेतल्यावर म्हणाला, "म्हणजे आमच्या होडीवर चार्जरची ही डबी लागत नाही, कारण तिथे आधीच सरळ रेघ आहे?"

मी म्हटले, बारा व्होल्टचे पाच करायला एक छोटी डबी लागेलच, पण रेघ सरळच राहील. त्याने मान डोलावली आणि चार्जर दप्तरात टाकला. तास संपत आला होता. फळ्यावर 'रास्त रौ' आणि 'दिष्ट विद्युतधारा' शेजारी शेजारी लिहिलेले होते. पुढचा तास विज्ञानाचा, म्हणून मी ते पुसले नाही.